माणसाचे सोंग आणि बैलाचे सोंग

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी पोरांचा एकच खेळ चाललेला असतो. दोघे बैल होतात, तिसरा त्यांच्या खांद्यांवरून कासरा टाकून मागे उभा राहतो आणि गल्लीभर औत फिरते. याच पोरांनी लग्नाचा खेळ मांडला, तर नवरदेव कोण, मामा कोण, वाढपी कोण यावर अर्धा तास भांडण होते. बैल व्हायला मात्र जो तो तयार असतो आणि दोनाऐवजी चार बैल जुंपले तरी कोणाची हरकत नसते. ज्या जनावराच्या वाट्याला जन्मभर ओझे येते, त्याचे सोंग घेण्यात माणसाच्या पोराला एवढा आनंद का व्हावा, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

ही ओढ फार जुनी आहे. जर्मनीतल्या होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत १९३९ साली मॅमथच्या सुळ्यातून कोरलेल्या एका मूर्तीचे तुकडे मिळाले आणि ते पुढे जुळवल्यावर माणसाच्या धडावर सिंहाचे डोके असलेली, सुमारे ३१ सेंटिमीटर उंचीची आकृती तयार झाली. तिचे वय ३५ ते ४० हजार वर्षे मानले जाते. म्हणजे शेती आणि लिपी हाती येण्याच्या कितीतरी आधी माणसाने स्वतःला सिंहाचे तोंड लावून पाहिले होते. प्राण्यांकडे आपले लक्ष मुळातच अधिक लवकर जाते, याचाही पुरावा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना एकच दृश्य किंचित बदल करून पुन्हा पुन्हा दाखवले, तेव्हा वाहनात झालेल्या बदलापेक्षा प्राण्यात झालेला बदल त्यांनी लवकर आणि अधिक अचूक टिपला. आज रस्त्यावर वाघापेक्षा ट्रकचा धोका मोठा आहे, तरीही मेंदूची ही जुनी सवय मोडलेली नाही.

परंतु लक्ष जाणे वेगळे आणि आपणच ते जनावर होणे वेगळे. या दोहोंमधले अंतर मेंदू कसे ओलांडतो, हे समजण्यासाठी आपल्या देहाची जाणीव किती लवचीक आहे ते पाहावे लागते. १९९८ साली मॅथ्यू बॉट्विनिक आणि जोनाथन कोहेन या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. माणसाचा खरा हात आडोशामागे ठेवायचा, त्याच्यासमोर रबराचा हात मांडायचा आणि दोन्हींवर एकाच लयीत कुंचला फिरवायचा; थोड्याच वेळात अनेकांना रबराचा हात आपलाच वाटू लागला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१३ साली याच वाटेने पुढे जाऊन आभासी देहाला चक्क शेपूट जोडली आणि कमरेच्या हालचालीने ती हलेल अशी व्यवस्था केली. ज्यांच्या कमरेबरोबर शेपूट नीट हलत होती त्यांना ती आपली वाटू लागली, आणि तिला इजा होणार असे दिसताच ते इतरांपेक्षा अधिक धास्तावले. माणसाला शेपूट नाही. पण देहाची हालचाल आणि डोळ्यांसमोरचे दृश्य यांचा मेळ बसला की मेंदू नवा अवयव स्वीकारतो.

मोहरमच्या दिवसांत अंगावर पिवळे-काळे पट्टे रंगवून वाघ झालेला नवसकरी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे सांगावे लागणार नाही. हलगीच्या ठेक्यावर त्याचे खांदे खाली येतात, पाऊल जड पडते, मान वळण्याआधी नजर वळते. त्याला वाघाविषयी पुस्तकी ज्ञान असेलच असे नाही, पण त्याचा देह काही काळ वेगळ्या नियमाने चालतो, आणि या आनंदाचा मोठा भाग त्या नव्या नियमात असावा असे मला वाटते.

दुसरा भाग स्वतःपासून दूर जाण्याचा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना दहा मिनिटे कंटाळवाणे काम दिले होते, आणि हवे तेव्हा ते सोडून मोहात पाडणारा खेळ खेळण्याची मुभाही दिली होती. ज्या मुलांना बॅटमॅनसारख्या आवडत्या पात्राचे सोंग घ्यायला सांगितले, ती कामावर सर्वांत अधिक वेळ टिकली. स्वतःला बाहेरून पाहिले की मनावरची पकड वाढते, असा याचा अर्थ संशोधकांनी लावला. त्या प्रयोगातील पात्रे माणसांचीच होती. जनावराचे सोंग हे अंतर आणखी वाढवते, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण आपल्या गावगाड्यात शोधता येते. माणसाचे कोणतेही सोंग घेतले की आडनाव, जात, गाव, वय, बाई की पुरुष ही सारी चौकशी त्याच्यामागे येते, आणि पाटलाचे सोंग घेणाऱ्या पोराला पाटील कसा बोलतो याची परीक्षा द्यावी लागते. बैलाला आडनाव विचारले जात नाही. खंडोबाच्या वाघ्यांमध्ये पूर्वी देवाचा कुत्रा होऊन भुंकण्याची आणि कोटंब्यातले अन्न थेट तोंडाने खाण्याची चाल होती. त्यामागे अर्थात भक्ती आहे. पण एरवी पंगतीत कोण कुठे बसणार हे काटेकोर ठरवणाऱ्या समाजात त्या थोड्या वेळापुरते माणसाचे सारे बिल्ले गळून पडत, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते.

परदेशात ‘फरी’ म्हणवून घेणाऱ्या लोकांचा आज मोठा समुदाय आहे. माणसासारखे बोलणारे-वागणारे प्राणी त्यांना प्रिय असतात आणि त्यांतील बहुतेक जण स्वतःसाठी असे एक प्राणीरूप निश्चित करतात. लांडगा, कोल्हा, कुत्रा आणि मोठी मांजरे यांना विशेष पसंती असते. त्यांच्यावर हेटाळणीच अधिक झाली. मात्र अनेक वर्षे त्यांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना असे आढळले की हे प्राणीरूप बहुधा त्या व्यक्तीचेच अधिक धीट, अधिक मनमोकळे असे रूप असते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात महाकपी जातक रंगवलेले आहे. आपल्या देहाचा पूल करून कळपाला पार नेणारा तो वानर म्हणजे बोधिसत्त्वच. माणसाने आपल्यातले उत्तम ते जनावराच्या देहात ठेवून पाहण्याची ही रीत आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वी भिंतीवर आली होती.

या साऱ्यातून जनावराचे मन मात्र हाती लागत नाही. वटवाघूळ असणे म्हणजे काय हे वटवाघळावाचून कोणाला कळणार नाही, असे थॉमस नेगल या तत्त्वज्ञाने १९७४ साली मांडले, आणि त्याला समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. बैल झालेला पोर रवंथ करत नाही. तो बैलाच्या कातड्यातला माणूसच राहतो. प्राण्यांच्या गोष्टींनी मुले आपोआप शहाणी होतात, ही समजूतही तपासून घ्यावी लागेल, कारण टोरांटोमधील एका अभ्यासात माणसांची पात्रे असलेली गोष्ट ऐकल्यावर मुलांची वाटून घेण्याची वृत्ती वाढली, पण तीच गोष्ट प्राण्यांच्या तोंडून ऐकल्यावर वाढली नाही.

तरीही ऐकणे आणि होणे यांत फरक आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना आभासी जगात गाय केले होते. ते हातांवर-गुडघ्यांवर रांगत, आणि आभासी गाईला काठी टोचली की त्याच क्षणी त्यांच्या कुशीतही टोचले जाई. नुसते चित्र पाहणाऱ्यांपेक्षा या लोकांना निसर्गाशी आपले नाते अधिक जवळचे वाटले.

बैल हाकायच्या काठीला आमच्याकडे पराणी म्हणतात आणि तिच्या टोकाच्या टोचणाऱ्या लोखंडी अणीला आर. गेल्या पोळ्यानंतर आमच्या ओट्यासमोर असेच औत चालले होते. दोन फेऱ्या झाल्यावर धाकट्या बैलाने मान वळवली आणि मागच्याला बजावले, “पराणी घे, पण तिला आर नको.”