नाटक, नाच आणि मनाचे आजार: हे सगळं सुरू कुठून झालं

नाटक, नाच, गाणं यात स्वतः भाग घेतला की मानसिक आजारातून सावरायला मदत होते असं आजकाल सगळीकडं वाचायला मिळतं, डब्ल्यूएचओनं तर २०१९ मध्ये ९०० च्या वर प्रकाशनांचा आढावा घेऊन मोठा रिपोर्टच काढला. पण हे काही काल-परवाचं नाहीये, मागं दोनशे वर्षं आहेत, आणि एकच वाद त्यात परत परत येतो, की हे नक्की कोणासाठी चाललंय, करणाऱ्यासाठी की बघणाऱ्यासाठी.

पॅरिसजवळ शारांतों नावाचं वेड्यांचं इस्पितळ होतं. तिथला संचालक कूल्मिए, आधीचा पाद्री, त्याची श्रद्धा होती की नाटक-संगीतानं पेशंट बरे होतील, म्हणून त्यानं आत चक्क थिएटर बांधलं आणि नाटकं बसवायचं काम दिलं १८०३ पासून तिथंच डांबलेल्या मार्की द सादला, म्हणजे अश्लील लिखाणासाठी बदनाम असलेल्या लेखकाला! पेशंटबरोबर बाहेरचे नट-नट्याही असायचे आणि पॅरिसची बडी मंडळी बघायला यायची. मुख्य डॉक्टर रॉयर-कोलार यांनी १८०८ मध्ये थेट पोलीसमंत्र्यांकडं तक्रार केली, शेवटी १८१३ मध्ये सरकारनं नाटकं बंद पाडली. पुढं एस्किरोल या नामांकित मनोविकारतज्ज्ञानं तर लिहून ठेवलं की तो सगळा खोटेपणा होता, वेडे काही नाटक करत नव्हते, संचालकच लोकांना बनवत होता. मला कूल्मिएचा हेतू वाईट वाटत नाही, पण बघायला येणाऱ्यांची करमणूक वरचढ झाली की पेशंट मागं पडतो, हे एस्किरोलचं म्हणणं आजही लागू आहे.

मग थेट विसावं शतक. व्हिएन्नाचा डॉक्टर जेकब मोरेनो १९२१ च्या सुमारास स्क्रिप्ट नसलेली, जागच्या जागी सुचेल तशी नाटकं करायला लागला, १९२५ मध्ये अमेरिकेला गेला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बीकनला स्वतःचं सॅनेटोरियम काढलं, त्यात स्टेजही होतं. त्याच्या सायकोड्रामात माणूस स्वतःच्याच आयुष्यातला प्रसंग उभा करतो, ग्रुपमधलं कोणीतरी त्याचे वडील होतं, आणि मधेच भूमिका बदलायच्या, म्हणजे आता तू वडील हो आणि तुझी जागा दुसरा घेईल. शेवटी बाकीच्यांनी सल्ले द्यायचे नाहीत, आपापला अनुभव तेवढा सांगायचा. इथं नुसता प्रेक्षक असा कोणी उरतच नाही.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती मॅरियन चेस. वॉशिंग्टनमध्ये डान्स शिकवणारी बाई, १९४२ मध्ये तिथल्या सेंट एलिझाबेथ्स हॉस्पिटलात काम करायला लागली. महायुद्धातून मोडून आलेले सैनिक, भरलेले वॉर्ड, डॉक्टर कमी आणि आजची औषधं तर अजून यायचीच होती. वर्षानुवर्षं न बोललेल्या पेशंटसमोर ही उभी राहायची, तो नुसता डुलत असेल तर हीपण तशीच डुलायची, बोटं हलवत असेल तर तीच हालचाल आपल्या अंगात घ्यायची, आणि हळूहळू त्यातून दोघांचा मिळून नाच व्हायचा, मग गोल करून बाकीचेही. स्टेप शिकवणं नाही, चुकलं-बरोबर नाही. १९६६ मध्ये अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन निघाली तेव्हा पहिली अध्यक्ष तीच होती.

आपल्याकडं डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि नट, पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली ती त्यांच्यामुळं. स्किझोफ्रेनियावरचा ‘देवराई’ आणि डिप्रेशनवरचा ‘कासव’ या पिक्चरांनी किती घरांतली कुजबूज उघड बोलण्यात आणली, ते काम मोठंच आहे, पण ते बघण्याचं झालं, करण्याची बाजू आपल्याकडं उशिरा आली. कोलकात्याच्या ‘संवेद’ या संस्थेनं नाचातून सावरण्याचं काम केलं आणि त्यांच्याच सोबतीनं मुंबईत टिस्समध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) डान्स मूव्हमेंट थेरपीचा डिप्लोमा सुरू झाला, म्हणजे शिकलेली माणसं आता तयार होतायत.

१० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्तानं पेशंटचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात, चांगलंच आहे, फक्त मला दर वेळी विचारावंसं वाटतं की पाहुणे गेल्यावर पुढच्या आठवड्यात तालीम चालू आहे ना.