"तेवढा एक फॉर्म पण टाका" म्हणायच्या आधी

नमस्कार मंडळी, वेबसाइटचं सगळं बोलून झालं की उठता उठता जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो, "आणि हो, तेवढा एक फॉर्म पण टाका." म्हणजे गिऱ्हाइकानं चौकशी भरून पाठवायचा फॉर्म. म्हणून हा कागद.

एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिच्यात, फॉर्म नावाचा टॅग (खूण) असतो, सगळे रकाने त्याच्या पोटात. माहिती कुठं पाठवायची ते अॅक्शनमध्ये लिहायचं, कशी पाठवायची ते मेथडमध्ये. मेथड गेट ठेवली तर भरलेलं सगळं वर पत्त्याच्या पट्टीत दिसतं, सर्च बॉक्सला चालतं ते, पण गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर तिथं कशाला झळकवायचा? चौकशीला आम्ही पोस्टच लावतो.

मोबाइलच्या रकान्याला टाइप 'टेल', म्हणजे फोनवर थेट आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. 'नंबर' नाही, तो मोजायच्या गोष्टींना, द्राक्षाच्या पेट्या किती वगैरे. पण टेल स्वतः काही तपासत नाही, पाचच आकडे टाकले तरी गप्प घेतं, म्हणून सोबत पॅटर्न, म्हणजे काय चालेल त्याचा साचा, लावून दहा आकडे सक्तीचे करायचे. द्राक्षाची जात थॉमसन, सोनाका की शरद, हे लिहायला न लावता सिलेक्टमधून, म्हणजे तयार यादीतून, निवडू द्या, नाहीतर एकाच जातीची दहा स्पेलिंगं येतात.

मागे दिंडोरीकडचे एक दादा भाच्यानं बनवलेला फॉर्म घेऊन आले, दिसायला एकदम झकास, पण चौकशी यायची आणि फोन नंबर कोरा! त्या रकान्याला नेम, म्हणजे कोडमधलं नाव, द्यायचं राहिलं होतं बस, आणि नेम नसेल तर ब्राउझर तो रकाना पाठवतच नाही.

रकान्याच्या आत फिकट अक्षरात "आपले नाव" लिहून लेबल, म्हणजे रकान्याशेजारचं नाव, टाळू नका, टाइप करायला लागलं की ते गायब होतं आणि आपल्या काका-मावशींना कळत नाही इथं काय भरायचं होतं.

आणि पैशाचं स्पष्टच सांगतो. एचटीएमएलनं फॉर्म दिसतो, तुम्हाला मेल येत नाही, ते काम सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमचं. रिक्वायर्ड (रकाना सक्तीचा करायची खूण), पॅटर्न ही तपासणी ब्राउझरमध्ये होते, जाणकार माणूस ती सहज काढून टाकतो, म्हणून सर्व्हरवर तेच परत तपासावं लागतं. कोटेशनमध्ये दोन ओळी वेगळ्या दिसतात त्या यामुळं.

येताना कागदावर लिहून आणा: काय काय विचारायचं, त्यातलं सक्तीचं कुठलं, मेल कुणाला जायला हवा. वाढदिवसाचा मेसेज पाठवणार नसाल तर जन्मतारीख आधीच खोडा.