मोठे हॉर्न घरात परतले कसे? डिजिटल क्रॉसओव्हरमागची शंभर वर्षं

दिवाणखान्यात छातीएवढ्या उंचीचे हॉर्न, प्रत्येक ड्रायव्हरला (विजेचा आवाज करणाऱ्या भागाला) स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आणि या सगळ्यांना आवाज वाटून देणारा पुस्तकाएवढा एक डबा, म्हणजेच डिजिटल क्रॉसओव्हर. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या हौशी मंडळींच्या घरांत ही मांडणी वाढत चालली आहे. बघणाऱ्याला ती जुन्या थिएटरची आठवण जपण्याची हौस वाटते. मला ते पटत नाही. हॉर्न घरातून बाहेर गेले त्याची कारणं ठोस होती आणि ते परत आले त्याचीही. त्यातलं सगळ्यांत मोठं कारण काही मिलिसेकंदांचं आहे: एकाच आवाजाचे दोन भाग कानाशी मागे-पुढे पोहोचतात. हा फरक १९३०च्या दशकात हॉलिवूडमध्ये पकडला गेला, आणि घरातल्या खुर्चीत बसून तो दुरुस्त करता यायला पुढची सत्तर वर्षं गेली.

आधी हॉर्न करतो काय ते पाहू. स्पीकरचा पडदा जड असतो, हवा हलकी. पडदा हलला तरी हवेवर त्याची पकड बसत नाही, आणि अ‍ॅम्प्लिफायरने दिलेली बहुतेक वीज नुसती कॉइल तापवण्यात जाते. घरातला साधा कोनवाला स्पीकर विजेपैकी जेमतेम एक टक्का आवाजात उतरवतो. हॉर्नच्या अरुंद घशात मात्र हवा दाटलेली असते, त्यामुळे पडद्याला ढकलायला काहीतरी मिळतं, आणि घशाकडून तोंडाकडे रुंद होत जाताना तो दाब बाहेरच्या हवेत मोकळा होतो. चांगल्या कम्प्रेशन ड्रायव्हरला (हॉर्नसाठीच बनवलेल्या ड्रायव्हरला) चांगला हॉर्न लावला की तोच एक टक्का वीस-पंचवीसवर जातो. तेवढाच आवाज काढायला पडदा फार कमी हलतो, म्हणून विकृतीही कमी होते. तबल्याची चाट किंवा सतारीचा आघात हॉर्नवर ऐकताना जो जिवंतपणा जाणवतो, त्याचं मूळ इथे आहे.

या सगळ्याचं गणित आर्थर गॉर्डन वेब्स्टर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९१९ साली छापलं. १९२४ मध्ये हॅना आणि स्लेपियन यांनी एक्स्पोनेन्शियल आकाराचा, म्हणजे ठरावीक अंतरागणिक ठरावीक पटीने रुंदावणाऱ्या हॉर्नचा, पाया घातला. दोनच वर्षांनी, १९२६ साली, व्हायटाफोन पद्धतीने चित्रपटाला आवाज जोडला गेला आणि हजार-दोन हजार माणसांच्या थिएटरमध्ये तो पोहोचवायची गरज पडली. त्या वेळचे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर मोजक्या वॉटचे. एवढ्यात थिएटर भरायचं तर हॉर्नला पर्यायच नव्हता. वेस्टर्न इलेक्ट्रिकसाठी वेन्टी आणि थुरास यांनी बनवलेला ५५५ हा ड्रायव्हर आणि त्याला जोडलेला, वळणं घेत गेलेला भला मोठा लाकडी हॉर्न पडद्यामागे बसला. एकच ड्रायव्हर असल्यामुळे आवाज वाटून देण्याचा प्रश्न नव्हता. पण खालचा खर्ज आणि वरची झळाळी दोन्ही अपुरी पडत.

पुढचं पाऊल बेल लॅबोरेटरीजने टाकलं. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा फिलाडेल्फियात वाजत होता आणि वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये श्रोते तो टेलिफोनच्या तारांवरून तीन चॅनेलमध्ये ऐकत होते. ऑर्केस्ट्राचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्हस्की वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाचे कंट्रोल सांभाळत होते. प्रत्येक चॅनेलला खर्जासाठी एक मोठा, घडी घातलेला हॉर्न आणि वरच्या सुरांच्या पट्ट्यासाठी अनेक कप्प्यांचा वेगळा हॉर्न होता. ३०० हर्ट्झला आवाज दुभागला जायचा. आज हौशींच्या घरांत दिसणाऱ्या मल्टी-वे हॉर्नचा हा मूळपुरुष. फोड करून प्रत्येकाला त्याच्या वकुबाचं काम द्यायचं, हा विचार इथे पक्का झाला.

फोड केली की जोड नीट बसावी लागते, आणि ती तशी बसत नव्हती हे एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीच्या ध्वनिविभागात लक्षात आलं. (मुंबईत १९३८ साली मेट्रो थिएटर उघडलं ती हीच एमजीएम.) विभागाचे प्रमुख डग्लस शियरर, सोबत जॉन हिलियर्ड आणि ड्रायव्हर बनवणारे जेम्स लान्सिंग. बेलच्या धर्तीवरची यंत्रणा तपासताना टॅप डान्सचं ध्वनिमुद्रण लावलं, तर बुटाचा एक ठोका दोनदा ऐकू येऊ लागला. कारण साधं होतं. खर्जाचा हॉर्न घडी घातलेला, आतली वाट लांब. वरचा हॉर्न आखूड. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. वाटेत काही फुटांचा फरक पडला की एकाच ठोक्याचा वरचा भाग आधी येतो आणि खालचा रेंगाळत मागून. भाषणात हे खपून जातं, ठोक्यात खपत नाही.

त्यांच्यापुढे उपाय एकच होता, खर्जाचा हॉर्न आखूड करायचा आणि दोन्ही ड्रायव्हर जमेल तितके एका पातळीत आणायचे. त्यातून निघालेल्या दुपदरी शियरर हॉर्नबद्दल ऑस्कर देणाऱ्या अकादमीने १९३६ सालचा तांत्रिक पुरस्कार दिला. १९४५ मध्ये आलेल्या अल्टेक लान्सिंगच्या ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ मालिकेनेही तोच मार्ग धरला. खर्जाला समोर सरळ, आखूड हॉर्न, त्याच्या डोक्यावर वरचा हॉर्न, आणि तो पुढे-मागे सरकवून वेळ जुळवायची. लांब हॉर्नचा खोल खर्ज मात्र या तडजोडीत गेला. वेळ साधायची तर खर्ज सोडा, खर्ज हवा तर वेळ विसरा, अशी ही कोंडी होती आणि ती कित्येक दशकं तशीच राहिली.

घरासाठी हॉर्न बसवण्याचं श्रेय अर्कान्सासमधल्या होप गावच्या पॉल क्लिप्श यांना. खर्जाच्या हॉर्नचं तोंड खरं किती मोठं लागतं याचा हिशेब करून पाहा. ४० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर. मोकळ्या जागेत तोंडाचा परीघ साधारण तेवढा हवा, म्हणजे व्यास पावणेतीन मीटर. अशी वस्तू कुठल्या घरात मावणार? पण जमीन आणि दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात हॉर्न ठेवला तर आवाजाला पसरायला एक-अष्टमांश जागाच उरते आणि तोंडही एक-अष्टमांश पुरतं, पाऊण चौरस मीटरच्या आसपास. भिंती हॉर्नचाच पुढचा भाग होतात. या कल्पनेवर क्लिप्श यांनी १९४६ साली कंपनी काढली आणि क्लिप्शहॉर्न बाजारात आला. ब्रिटनमध्ये पॉल व्हॉइग्ट यांनी त्याआधीच, १९३०च्या दशकात, घरगुती कोपरा-हॉर्न बनवला होता. क्लिप्शहॉर्नचा खर्ज मात्र घडी घातलेल्या वाटेने येतो, त्यामुळे मिलिसेकंदांचा तो जुना फरक त्याच्याही पाठीला लागलेलाच होता.

मग हॉर्न घरातून गेले, आणि भराभर गेले. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने हवाबंद पेटीचा एआर-१ आणला. पुस्तकाच्या फळीवर मावणारी पेटी आणि तिच्यात खोल खर्ज. तिला अ‍ॅम्प्लिफायरची ताकद जास्त लागे, पण ट्रान्झिस्टर आल्यावर वॉट स्वस्त झाले. १९५८च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड्स आल्या आणि एकाऐवजी दोन मोकळे कोपरे लागू लागले. ज्या घरात एक कोपरा मुश्किलीने मिळायचा तिथे दोन कुठून आणणार? कार्यक्षमता ही हॉर्नची मोठी जमेची बाजू, तिचीच गरज उरली नाही.

या काळात हॉर्नची निगराणी जपानने केली, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकी थिएटर जुनी यंत्रणा काढून टाकत होती आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक, अल्टेकचा माल जपानमध्ये जात होता. गोटो, वायएल यांसारख्या छोट्या कारखान्यांनी घरगुती श्रोत्यांसाठी कम्प्रेशन ड्रायव्हर आणि हॉर्न बनवले. काहींनी घर बांधतानाच खर्जाचा हॉर्न काँक्रीटमध्ये ओतून भिंतीत उघडला. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर देण्याची रीत तिथे रुजली. साध्या स्पीकरमध्ये आवाजाची फोड अ‍ॅम्प्लिफायरनंतर होते, कॉइल आणि कपॅसिटर वापरून. हॉर्नच्या बाबतीत हे महागात पडतं. वरचा ड्रायव्हर खालच्यापेक्षा दहा-पंधरा डेसिबलने जोरात वाजतो, तो फरक रेझिस्टरमध्ये जाळावा लागतो. अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर ही फोड अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच करतो. सोनी, अ‍ॅक्युफेज यांनी १९७०च्या दशकात असे डबे घरगुती ग्राहकांसाठी बनवले. अ‍ॅक्युफेज पुढे डिजिटलकडेही वळली.

त्याच दशकात दोन शोधनिबंध आले. ते नसते तर आजची मांडणी उभी राहिली नसती. १९७५ मध्ये डॉन कील यांनी, एक्स्पोनेन्शियल आकारालाच इतकं पवित्र का मानायचं, असा थेट सवाल केला आणि सगळ्या पट्ट्यात सारख्याच कोनात आवाज पसरवणारे हॉर्न पुढे आणले. जुन्या हॉर्नमध्ये सूर जसजसा वर जाई तसतसा आवाजाचा झोत अरुंद होत जाई, समोरच्या एका खुर्चीतच सगळं नीट ऐकू येई. नवा आकार बाजूलाही तसाच ऐकू येतो, पण त्याची किंमत आहे. आवाज विखुरल्यामुळे तीन-चार हजार हर्ट्झच्या वर समोरची पातळी उतरत जाते आणि ती इक्वलायझरने (सुरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या यंत्राने) उचलावी लागते. १९७६ मध्ये ह्युलेट-पॅकार्डमधले अभियंते सिग्फ्रीड लिंकविट्झ यांनी, सहकारी रस रायली यांच्या कल्पनेवर, अशी फोड मांडली की जोडाच्या जागी दोन्ही ड्रायव्हर एका फेजमध्ये, म्हणजे एकाच लयीत पुढे-मागे हलत, राहतात आणि बेरीज सपाट येते. लिंकविट्झ-रायली हे नाव आज प्रत्येक क्रॉसओव्हरच्या मेन्यूत असतं. पण ही बेरीज जमायला दोन्ही ड्रायव्हरचा आवाज एकाच वेळी कानाशी यायला हवा. अ‍ॅनालॉग सर्किटने एखाद-दुसऱ्या मिलिसेकंदाचा अंश मागे सारता येई. लांब हॉर्नचे पाच-सात मिलिसेकंद त्याच्या आवाक्याबाहेरचे.

डिजिटलमध्ये विलंब म्हणजे आवाजाचे काही नमुने (आकडे) मेमरीत थांबवून ठेवणं, बस. लेक्सिकॉनने १९७१ मध्येच डिजिटल विलंबयंत्र विकायला आणलं होतं, पण ते स्टुडिओ आणि सभागृहांसाठी होतं आणि महाग होतं. नव्वदच्या दशकात मैफिलींच्या ध्वनियंत्रणांत डिजिटल प्रोसेसर स्थिरावले. २००० नंतरच्या दशकात बेहरिंगरचा डीसीएक्स२४९६ आला, तीन इनपुट, सहा आउटपुट, प्रत्येक आउटपुटला फोड, इक्वलायझर आणि विलंब, तोही स्टेजच्या मालाच्या दरात. मग हाँगकाँगच्या मिनीडीएसपीने तळहाताएवढे बोर्ड आणले. संगणकावर चालणारे ब्रूटएफआयआर, कॅमिलाडीएसपी हे प्रोग्राम तर फुकट आहेत, आणि मोजमापासाठी आरईडब्ल्यू हा प्रोग्रामही फुकट. हिलियर्ड यांच्याकडे स्टुडिओची प्रयोगशाळा होती, आज एक यूएसबी मायक्रोफोन पुरतो.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगतो. समजा खर्जाच्या हॉर्नची वाट अडीच मीटर, मधल्याची साठ सेंटिमीटर, ट्वीटरची, म्हणजे सगळ्यांत वरच्या सुरांच्या हॉर्नची, दहा. मधला खर्जापेक्षा १.९ मीटरने, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लवकर बोलतो, ट्वीटर सात मिलिसेकंद लवकर. सगळ्यांत मागे जो, त्याच्यासाठी बाकीच्यांना थांबवायचं. आधी मायक्रोफोनने प्रत्येकाचा इम्पल्स (एका क्षणिक ठोक्याचा प्रतिसाद) वेगळा मोजून ढोबळ आकडा भरायचा. मग जोडाची बारीक तपासणी. मधल्या ड्रायव्हरची पोलॅरिटी (अधिक-उणे टोकं) मुद्दाम उलटी करायची आणि दोन्ही एकत्र वाजवून आलेख पाहायचा. वेळ जुळली असेल तर जोडाच्या फ्रिक्वेन्सीला, समजा ५०० हर्ट्झला, खोल खड्डा पडतो. विलंब पाव-पाव मिलिसेकंदाने, मग त्याहून बारीक पावलांनी हलवत खड्डा जास्तीत जास्त खोल आणि दोन्ही बाजूंना सारखा करायचा. शेवटी पोलॅरिटी सुलटी केली की खड्ड्याच्या जागी सपाट रेघ येते. पण ५०० हर्ट्झचं एक आवर्तन दोन मिलिसेकंदांचं असल्यामुळे दोन मिलिसेकंद चुकूनही खड्डा तसाच दिसू शकतो. म्हणून पहिली पायरी गाळायची नाही.

आणखी दोन गोष्टी हॉर्नवाल्यांना शिकाव्याच लागतात. १०५-११० डेसिबल संवेदनशीलतेचा ड्रायव्हर प्रोसेसरची आणि अ‍ॅम्प्लिफायरची खरखरही तितक्याच उत्साहाने ऐकवतो, म्हणून वरच्या पट्ट्यांना कमी गेनचा (आवाज कमी पटीने वाढवणारा), शांत अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याआधी पातळी उतरवणारा रेझिस्टर लागतो. दुसरं, अ‍ॅम्प्लिफायर आता थेट ड्रायव्हरला जोडलेला. चुकीची सेटिंग चढली तर ट्वीटरला खर्ज जातो आणि टायटॅनियमचा पातळ पडदा क्षणात जातो. मालिकेत एक मोठा कपॅसिटर टाकला की स्विच चालू-बंद करतानाच्या धक्क्यापासून तरी तो वाचतो. बरेच जण आवाजाच्या शुद्धतेसाठी तो टाळतात. मी टाकण्याच्या बाजूचा आहे.

हा सगळा प्रवास एका वस्तूत पाहायचा तर क्लिप्श कंपनीचा ज्युबिली पाहावा. पॉल क्लिप्श यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रॉय डेलगाडो यांच्यासोबत त्यावर काम केलं. क्लिप्श २००२ मध्ये वारले. २०२२ मध्ये ज्युबिली घरगुती बाजारात आला तो स्वतःच्या डीएसपी (डिजिटल) क्रॉसओव्हरसकट, दोनच पट्टे, दोन्ही हॉर्नवर. घडी घातलेला लांब खर्जही ठेवला आणि वेळही जुळवली.

तोंडाच्या आकाराचा हिशेब मात्र कुठलाच प्रोसेसर बदलू शकत नाही, आणि खोलीत आवाज कुठल्या कोनात पसरतो हेही हॉर्नचा आकारच ठरवतो. म्हणून फ्लॅटमध्ये राहणारे बहुतेक जण हॉर्न ८०-१०० हर्ट्झपर्यंतच उतरवतात आणि त्याखाली हवाबंद पेटीचे दोन-तीन सबवूफर (फक्त खोल खर्जाचे स्पीकर) घेतात. तिथे हॉर्नच उशिरा बोलतो, आणि त्यासाठी थांबवायचं असतं ते सबवूफरना.