मी कधी बोलावलं यांना?

पंचवटीत मावशीकडे एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर मी लिनक्स मिंट ही विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम घालून दिलीय. महिला मंडळाच्या सूचना, भिशीचा हिशेब, नातवंडांचे फोटो, सगळं त्यावर चालतं. परवा ती म्हणाली, "अरे, फॉन्टांच्या यादीत नुसती खोगीरभरती झालीये. मला एकच लागतो, बाकीचे काढ." गेल्या वर्षी मी ‘फॉन्ट्स-देवा’ नावाचं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, टाकलं होतं, ते काढलं. लिबरऑफिस उघडून बघतो तर यादी होती तेवढीच. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, मात्र निरोप आला होता: पुढची पॅकेजेस आपोआप बसवली होती, आता त्यांची गरज नाही. खाली गार्गी, नकुल, सहदेव अशी नावं.

"मी कधी बोलावलं यांना?" मावशीने विचारलं.

लिनक्सवरचं सॉफ्टवेअर सांभाळणं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर जवळ असणं. ‘फॉन्ट्स-देवा’मध्ये स्वतःचा एकही फॉन्ट नाही. ते म्हणजे नुसती चिठ्ठी: मला अमुक अमुक पॅकेजेस लागतात. चिठ्ठी फाडली, माणसं घरातच राहिली.

मावशीला हे समजवायला सिंहस्थ पुरला. 2015 साली तिच्या घरी पाहुण्यांची रीघ होती. आमंत्रण चौघांना, पण त्यांच्याबरोबर कुणाची जाऊ, कुणाचा ड्रायव्हर, कुणाचा आचारी. कोण कुणाबरोबर आलंय हे तिला तोंडपाठ होतं, म्हणून तर घर चाललं. एका पाहुण्याबरोबर आलेल्या आचाऱ्याच्या हातचं बाकीचेही जेवत होते, त्यामुळे तो पाहुणा गेला तरी आचारी थांबला.

मिंट उबुंटूवर उभं आहे आणि उबुंटू डेबियनवर. इयन मरडॉक यांनी 1993 साली सुरू केलेल्या या डेबियनचा पायाच असा आहे की, दहा प्रोग्रामांना एकच लायब्ररी (तयार कोडचा संच) लागत असेल तर ती एकदाच बसवायची आणि सगळ्यांनी वापरायची. जागा वाचते, आणि लायब्ररीतली सुरक्षेची चूक एका जागी दुरुस्त केली की दहाही प्रोग्राम सुधारतात. पण मग कोण कुणावर अवलंबून आहे याची नोंद चोख हवी. ती ‘डीपीकेजी’ हा पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम ठेवतो. 1999 पासून त्याच्या जोडीला ‘एपीटी’ आहे. हवं ते पॅकेज आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस तो शोधून आणतो, आणि मागितलेलं कोणतं नि ओघाने आलेलं कोणतं हे लिहून ठेवतो.

ही वही साधा मजकूर आहे, कुणालाही उघडून वाचता येते. मावशीला मी ती दाखवली. सहदेवच्या नावाखाली ओळ होती: ‘ऑटो-इन्स्टॉल्ड: 1’. म्हणजे हा स्वतःहून बोलावलेला नाही. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा दिली की एपीटी मुद्दाम आणलेल्या पॅकेजांपासून निघतो, त्यांना काय लागतं, त्या लागणाऱ्यांना काय लागतं, असे धागे धरत जातो. ज्याच्यापर्यंत एकही धागा पोचत नाही ते अनाथ, आणि तेच काढायला निघतं.

म्हणूनच ती यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका, हे मी कळकळीने सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या मशीनवरून मी नको असलेला समजून पायथन (ही एक प्रोग्रामिंग भाषा) काढला होता. पुढे आलेली लांबलचक यादी वाचली नाही. डेस्कटॉपचे निम्मे भाग पायथनवर उभे होते, तेही गेले, आणि पुढच्या वेळी मशीन सुरू केल्यावर नुसता काळा पडदा. एपीटीने विचारलं होतं, नावंही दाखवली होती. आज्ञेला ‘सिम्युलेट’ हा पर्याय जोडला तर काहीही न काढता काय काय जाईल ते आधी दिसतं. शिवाय मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ असतं. मोठी आवराआवर करण्याआधी त्यातून सिस्टिमची प्रत घेऊन ठेवा.

प्रोग्राम नुसता ‘रिमूव्ह’ केला तर त्याच्या सिस्टिममधल्या सेटिंगच्या फायली मागे राहतात. त्याही नको असतील तर ‘पर्ज’. तुमच्या होम फोल्डरमधल्या फायलींना दोन्ही हात लावत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती वहीबाहेरच्या पाहुण्यांची. कुठल्या तरी संकेतस्थळावरची स्क्रिप्ट चालवून बसवलेला प्रोग्राम डीपीकेजीला माहीतच नसतो. त्याला अपडेट मिळत नाही आणि काढायचा तर फायली हाताने हुडकाव्या लागतात. अधिकृत भांडारातल्या पॅकेजांचं तसं नाही. त्यांच्या यादीवर डिजिटल सही असते, उतरवलेली प्रत्येक फाइल त्या यादीतल्या ठशाशी ताडली जाते आणि मगच बसते. फ्लॅटपॅक हे प्रोग्राम बसवायचं दुसरं साधन, त्याची वही वेगळी. ते आपल्या लायब्ऱ्या बरोबर आणतं, म्हणून जागा जास्त खातं आणि एपीटीच्या आवराआवरीत ते येत नाही. त्याचं नको ते ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल’ला ‘अनयूज्ड’ जोडून वेगळं काढावं लागतं.

मावशीने चष्मा लावून यादी वरून खाली वाचली. सहदेववर बोट ठेवलं. "हा राहू दे. मंडळाच्या सूचना मी याच्यातच लिहिते." मी ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ लिहून पुढे सहदेवचं नाव टाकलं. पुन्हा ऑटोरिमूव्ह चालवलं तेव्हा यादीत सहदेव नव्हता. मावशीने ती यादीही शेवटपर्यंत वाचली आणि मगच ‘वाय’ दाबलं.