पथ्य मोडलं वाटतं?

मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढलेली दिसली की दवाखान्यात पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: ‘पथ्य मोडलं वाटतं?’ समोरचा माणूस मान खाली घालतो, ‘थोडंसं झालं’ म्हणतो, किंवा सरळ नाकारतो. या प्रश्नाला दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. या काळात मधुमेहात काय खावं याबद्दलची मतं कितीदा तरी पालटली. पण खाणं बदलायला माणसाला मदत कशी करायची, हा प्रश्न वैद्यकानं फार उशिरा हातात घेतला. मला तोच या इतिहासातला खरा धागा वाटतो.

जॉन रोलो हा ब्रिटिश सैन्याच्या तोफखान्याचा डॉक्टर. कॅप्टन मेरेडिथ या रुग्णाला त्यानं धान्य आणि भाज्या जवळजवळ बंद करून मांस आणि चरबीवर ठेवलं. त्यातलं काही मांस तर मुद्दाम शिळं, खवट झालेलं असे. मेरेडिथला उतार पडला आणि १७९७ साली रोलोनं ही हकिकत छापली. त्याच्या दुसऱ्या रुग्णाला मात्र हे पथ्य धरून ठेवता आलं नाही. औषध लागू पडतं, पण माणूस ते पाळत नाही, ही डॉक्टरांची तक्रार तेव्हापासूनची आहे.

पुढे १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला आणि शहरात अन्नाची टंचाई झाली. तेव्हा मधुमेह्यांच्या लघवीतली साखर कमी झाल्याचं किंवा नाहीशी झाल्याचं तिथले डॉक्टर अपोलिनेर बुशार्दा यांच्या लक्षात आलं. कमी खा, हा त्यांचा सल्ला या निरीक्षणानं पक्का झाला. त्यांची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. आपली लघवी रोज आपणच तपासावी, असं ते रुग्णांना सांगत. म्हणजे खाल्ल्याचा परिणाम डॉक्टरांच्या आधी रुग्णालाच कळणार. ही वाट तेव्हा फार कुणी धरली नाही. जर्मनीत बर्नहार्ड नाउनिन पथ्य मोडू नये म्हणून रुग्णांना खोलीत कुलूपबंद ठेवत, कधी कधी कित्येक महिने.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी उपासमारीच म्हणता येईल असा उपचार रूढ केला. लघवीतली साखर जाईपर्यंत उपास, मग शरीराला सोसेल तेवढंच अन्न. ॲलन क्रूर नव्हते. इन्सुलिन नव्हतं आणि गंभीर मधुमेह झालेलं मूल नाहीतर लवकरच दगावणार होतं. भुकेच्या बदल्यात ते काही महिने, क्वचित काही वर्षं मिळवत होते. पण त्यांच्याच नोंदींमधली एका बारा वर्षांच्या मुलाची हकिकत वाचवत नाही. मधुमेहानं त्याची दृष्टी गेली होती. इतका कडक बंदोबस्त असूनही त्याच्या लघवीत साखर यायची, आणि कशामुळे ते कुणाला उमगेना. शेवटी कळलं की तो दात घासायची पेस्ट खात होता, आणि हट्टानं मागून घेतलेल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे दाणेही. त्यानं आधी बराच काळ नाकारलं, मग कबूल केलं. पुढे तो उपासमारीनंच गेला. उपाशी पोराच्या खाण्याचीही ‘कबुली’ घ्यावी लागते, अशी ती पद्धत होती. तिची भाषा इन्सुलिन आल्यानंतरही बराच काळ टिकली.

इन्सुलिन आलं १९२२ मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. ऑगस्टमध्ये इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे आलेली एलिझाबेथ ह्यूज ही ॲलन यांचीच रुग्ण. पंधरा वर्षांच्या या मुलीचं वजन जेमतेम वीस किलो उरलं होतं. ती वाचली आणि १९८१ पर्यंत जगली.

इन्सुलिनमुळे जीव वाचू लागले तसा खाण्याचा प्रश्न महिन्यांचा न राहता आयुष्यभराचा झाला. एवढा काळ कुणाला खोलीत कोंडता येत नाही. बोस्टनचे इलियट जॉस्लिन यांना हे लवकर उमगलं होतं. इन्सुलिनच्याही आधी, १९१८ मध्ये, त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी मिळून एक मार्गदर्शक पुस्तक काढलं. पुढे त्यांनी प्रशिक्षित नर्स रुग्णांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. ते शिस्तीचे कडक होते, पण रुग्णाला शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे यावर ते ठाम राहिले.

१९५० मध्ये अमेरिकेत आहारतज्ज्ञांच्या आणि मधुमेहाच्या संघटनांनी सरकारी आरोग्य खात्याबरोबर अदलाबदलीच्या याद्या केल्या. साधारण सारखं पोषण देणारे पदार्थ एका गटात, आणि गटातलं एक नको असेल तर दुसरं घ्या. रुग्णाला निवड मिळाली ती अशी. प्रत्यक्षात मात्र दवाखान्यांतून बहुधा हातात पडला तो छापील तक्ता.

१९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका सार्वजनिक रुग्णालयातून लिओना मिलर यांनी दाखवून दिलं की रुग्णांना नीट शिकवलं आणि अडचणीत फोन करायची सोय दिली, तर दाखल व्हायची वेळ खूप कमी येते. त्यानंतर विचारांची दिशा बदलली. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी संवादाची एक पद्धत मांडली. त्यात उपदेश न करता माणसाची बदलायची कारणं त्याच्याच तोंडून बाहेर येऊ दिली जातात. ती हळूहळू मधुमेहाच्या दवाखान्यांत पोहोचली. १९९१ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात रॉबर्ट अँडरसन आणि मार्था फनेल यांनी तर ‘सांगितलेलं पाळणं’ ही कल्पनाच बाजूला ठेवायला सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की रोजचे निर्णय रुग्णच घेतो, तेव्हा डॉक्टरांचं काम ते निर्णय नीट घेता येतील असं बळ देण्याचं. १९९४ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं मधुमेहाचा असा एकच एक ठरावीक आहार नसतो, हे स्पष्ट केलं.

पुरावाही जमत होता. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ३,२३४ जणांच्या अभ्यासात खाणं, चालणं आणि वजन यांवर काम केलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दिलेल्या गटात ३१ टक्क्यांनी. ही माणसं मधुमेहाच्या उंबरठ्यावरची होती, रुग्ण नव्हती. शिवाय त्यांना नुसता सल्ला दिला नव्हता, पहिल्या सहा महिन्यांत सोळा बैठकी घेतल्या होत्या. फॅमिली डॉक्टरांकडची एक भेट मात्र दहा-पंधरा मिनिटांत उरकते.

ब्रिटनमध्ये नव्यानं निदान झालेल्यांसाठी सहा तासांचं गटशिक्षण तपासलं गेलं. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. वर्षभरानं वजनात थोडा फरक होता, पण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणजे एचबीए१सीमध्ये, नव्हता. तीन वर्षांनी आजाराबद्दलची समज काही प्रमाणात टिकलेली दिसली, पण तपासणीच्या आकड्यांत फरक नव्हता. या निष्कर्षांना मी अपयश म्हणणार नाही. सहा तासांत माणूस आपला आजार समजून घेऊ शकतो, पण त्याचं रोजचं ताट बदलायला पुढची सोबत लागते.

ही सोबत कशी असू शकते ते २०१७ मध्ये दिसलं. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या ईशान्येकडच्या टाइनसाइडमधल्या ४९ साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत ३०६ रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्या दवाखान्यांनी नेहमीचे उपचार चालू ठेवले. उरलेल्यांत तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा तयार आहार, मग टप्प्याटप्प्यानं नेहमीचं जेवण, आणि त्यानंतर नियमित भेटी. हे काम तिथल्याच नर्स आणि आहारतज्ज्ञांनी थोडं प्रशिक्षण घेऊन केलं. वर्षानंतर या गटातल्या ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती, दोन वर्षांनी ३६ टक्क्यांची.

घसरण झाली, आणि ती होणार हे आखणी करणाऱ्यांनी आधीच धरलं होतं. वजन दोन किलोंहून जास्त परत चढलं तर काही आठवडे पुन्हा तयार आहाराची मदत घ्यायची, ही तजवीज पहिल्या दिवसापासून कागदावर होती. वजन वाढलेला माणूस दवाखान्यात आला, तर नर्सनं त्याच्यापुढे काय ठेवायचं ते ठरलेलं होतं. कबुली मागायची गरजच नव्हती.