बाळाच्या कानाला मशीन लावलं, पण ऐकू येतंय हे कशावरून?

मोठ्या माणसाला कानाचं मशीन लावलं की तो स्वतःच सांगतो, फार जोरात येतंय, घुमतंय, नको हे. तीन महिन्यांचं बाळ काय सांगणार? खरं तर हा प्रश्न पूर्वी फारसा यायचाच नाही कारण इतक्या लवकर निदानच व्हायचं नाही. ब्रिटनमध्ये १९४४ पासून रुळलेली पद्धत अशी की सहा-सात महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर, समोर एकजण खेळणं दाखवणार, मागून दुसरा हळूच आवाज करणार, आणि मान वळली की पास. आपल्याकडेही घरोघरी ताट-चमचा वाजवून हेच करतात, पण बाळ आवाजाने वळलं की हलणाऱ्या सावलीने, ते कसं कळणार.

मग १९७१ च्या सुमाराला आपण ज्याला बेरा म्हणतो ती, आवाज दिल्यावर ऐकण्याच्या नसेत उठणाऱ्या विजेच्या लहरी डोक्यावरून टिपणारी टेस्ट आली, १९७८ मध्ये लंडनच्या एका संशोधकाने कानातूनच बारीक आवाज बाहेर येतो हे दाखवलं, आणि या दोन्हींच्या जोरावर नवजात बाळांचं स्क्रीनिंग शक्य झालं. इंग्लंडभर ते २००१ ते २००६ या काळात सुरू झालं. आता मशीन दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच कानावर, पण मान वळवून भरवशाचं उत्तर द्यायला बाळ साधारण सहा महिन्यांचं व्हावं लागतं. सगळी अडचण या मधल्या महिन्यांतली.

पहिला विचार साहजिकच, मशीन लावूनच बेरा करू. ते नीट जमलं नाही कारण बेरात वाजवतात तो 'टक्' असा आवाज, क्लिक, इतका तोकडा असतो की डिजिटल मशीन त्याला बोलणं समजून वागवतच नाही, वर मशीनचा स्वतःचा उशीर आणि विजेचा गोंधळ रेकॉर्डिंगमध्ये मिसळतो. तरीही असा रिपोर्ट काही फायलींत दिसतो आणि आईवडील तो जपून ठेवतात, याचं वाईट वाटतं.

अशा तपासण्यांना 'ऑब्जेक्टिव्ह' म्हणतात, आणि गुंता खरा या शब्दाचा आहे. बाळाने काही करायची गरज नाही एवढाच त्याचा अर्थ, पण ऐकणाऱ्याला वाटतं की आता शंकाच उरली नाही. कानाच्या पडद्यापर्यंत किती आवाज पोचला हा एक प्रश्न, मेंदूने त्याची दखल घेतली का हा दुसरा, बाळ त्याचा उपयोग करतंय का हा तिसरा, आणि तिन्हींना लोक 'मशीन चालतंय' असंच म्हणतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९८० च्या दशकापासून हातात आहे. मोल्डच्या, म्हणजे मशीनच्या कानात बसणाऱ्या मापाच्या तुकड्याच्या, बाजूने आवाज मोजणारी केसासारखी मऊ नळी पडद्याजवळ सरकवायची, काही सेकंद आवाज द्यायचा, झालं. बाळाची कानाची नळी इवलीशी असल्यामुळे तोच आवाज तिथे मोठ्यांपेक्षा १०-२० डेसिबलनेही जास्त भरू शकतो, आणि मूल वाढलं, मोल्ड बदलला की आकडाही बदलतो. माझ्या मते हीच तपासणी सगळ्यात पक्की आणि घाईत हीच सगळ्यात आधी टाळली जाते.

वाद पेटला तो दुसऱ्या प्रश्नावर. आवाजाने मेंदूच्या लहरी बदलतात हे १९३९ मध्येच छापून आलेलं, पण साधारण २०१० च्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगशाळेने ते बाळांच्या मशीनसाठी वापरायचं यंत्र बाजारात आणलं. म, ग, ट असे बोलण्यातलेच तुकडे स्पीकरमधून वाजतात, म खालच्या पट्टीचा, ट वरच्या, आणि लहर आली की नाही हे माणसाच्या नजरेने नाही तर गणिताने ठरतं. बेराला बाळ झोपलेलं लागतं, आदल्या रात्री जागवून आणा म्हणतात, इथे उलट, जागं हवं पण शांत, म्हणून समोर आवाज बंद केलेलं कार्टून. समर्थक म्हणतात की आईबाबांना स्क्रीनवर उत्तर दिसतं, मशीन काढून ठेवणं थांबतं. विरोधक म्हणतात की व्यवस्थित ऐकणाऱ्या बाळांतही कधी कधी लहर येत नाही, मग 'नाही' आलं म्हणून आवाज वाढवायचा का? मला हा आक्षेप जास्त वजनदार वाटतो. लहर आली तर आनंदच, नाही आली तर त्यावरून काहीच ठरवू नये, निदान एकट्या त्यावरून तरी नाहीच.

अलीकडे अख्ख्या शब्दांना मेंदूच्या लहरी सूर धरून साथ देतात का हे मोजायचे प्रयत्न चालू आहेत, मशीन त्याला बोलणं म्हणूनच वागवतं आणि त्यात बाळ झोपलेलं चालतं.