जवसाचं तेल आणि मशीनचं तेल

मशीनचं तेल संपलं की शिवणयंत्रात स्वयंपाकघरातलं दोन थेंब सोडून काम भागवलं जातं. सुरुवातीला यंत्र छान पळतं. मग हळूहळू चाक जड होतं आणि सांध्यात पिवळट राप बसतो. गॅसमागच्या टाइलवर जमतो तोच.

पाणी वाळतं म्हणजे उडून जातं. जवसाचं तेल वाळताना कुठेच जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं वजन उलट वाढतं. त्यातल्या साधारण निम्म्या मेदाम्लांच्या साखळीत तीन-तीन दुहेरी बंध असतात. ऑक्सिजन तिथेच शिरतो, शेजारच्या साखळ्या एकमेकींत अडकतात आणि पातळ तेलाचं चिवट कातडं होतं. तेलात असे बंध किती, हे आयोडीन मूल्यावरून, म्हणजे तेल किती आयोडीन शोषतं त्या आकड्यावरून कळतं : जवसाचं 170च्या पुढे, शेंगदाण्याचं 100च्या आसपास, खोबरेलाचं जेमतेम 10. सूर्यफूल आणि करडई जवसाच्या खालोखाल, म्हणून शिवणयंत्राला तीही नकोत. खोबरेल घट्ट राप धरत नाही, पण थंडीत गोठतं!

मशीनचं तेल खनिज तेलापासून बनतं. त्यात असे बंध जवळपास नसतातच, त्यामुळे ते ओलंच राहतं. यंत्राला हवं तेच.

चित्रकाराला मात्र वाळणारंच तेल लागतं. तैलरंग जवसावर उभे आहेत, शिळाछापाची म्हणजे दगडावरून छापायची शाईसुद्धा. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत काढलेला छापखाना शिळाछापाचाच. क्रिकेटच्या बॅटला जवस पाजतात. बिडाच्या तव्यावरचा काळा गुळगुळीत थरही तापून घट्ट झालेल्या तेलाचाच.

जुन्या लाकडी वस्तूंना जवस चोळायची पद्धत संग्रहालयांतही होती. माझ्या मते ती चकाकी फार महाग पडली. थर काळपटतो, धूळ धरतो आणि पुढे द्रावकातही नीट सुटत नाही. खनिज तेल घट्ट होत नाही, पण शेजारच्या कागदावर डाग पाडतं.

जवसाचा खरा धोका फडक्यांत आहे. वाळताना उष्णता निघते. बोळा करून कोपऱ्यात टाकलेल्या फडक्यात ती कोंडते आणि ठिणगीविना आग लागते. 23 फेब्रुवारी 1991 ला फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीत अशाच फडक्यांनी पेट घेतला आणि 3 अग्निशामक जवान दगावले. मशीनच्या तेलाचं फडकं असं आपोआप तापत नाही, फक्त ज्योतीपासून लांब ठेवावं. जवसाचं असेल तर उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.